जुनी ओव्हर-अंडर घ्यायची असंल तर पुढचं लाकूड काढून पाहा

माझी पहिली ओव्हर-अंडर, म्हणजे एकावर एक दोन नळ्यांची छर्र्याची बंदूक, मी नक्षी पाहून घेतली होती. दोन्ही बाजूंनी तितर उडतानाचं खोदकाम, दस्त्याच्या लाकडात मस्त पिवळे-काळे पट्टे, अन् विकणारे काका म्हणे, "आमच्या आबाजीनं वर्षातून एखादवेळा काढली असंल, बाकी पेटीतच." ओसरीवर सतरंजी टाकलेली, चहा झाला, चिवडा झाला, अन् एवढं खाऊन-पिऊन झाल्यावर माणसाला नाही म्हणायची लाजच वाटते ना. घेतली. भोपाळच्या रेंजवर नेली, तीस-चाळीस काडतुसं मारली अन् बंद केलेली नळी हातात कटकट वाजायला लागली. तिथल्या गनस्मिथनं पुढचं लाकूड, म्हणजे नळ्यांखाली हातानं धरायचं ते, काढलं, नळ्या डावी-उजवीकडं हलवून दाखवल्या अन् नुसता माझ्याकडं पाहून राहिला.

तवापासून कोणी जुनी बंदूक पाहायला निघाला की मला सोबत घेते. वर्धा, आर्वी, काटोल, वरुड साइडला मी बऱ्याच पाहिल्या, आठ-दहा तरी नको म्हणून सोडल्या. एकच गोष्ट दहा जणांना फोनवर सांगण्यापेक्षा लिहून टाकतो.

आधी एक क्लिअर करतो. ही बंदूक आपण क्ले पिजन शूटिंगसाठी घेतो, म्हणजे उडत्या थाळीवर मारायचा खेळ, पण पिजन म्हटलं की आपल्याकडं काहींना खरे कबुतर वाटतात. तसं नाही. विलायतेत पूर्वी पिंजऱ्यातून जिवंत कबुतरं सोडून मारायचे, १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्येही मारली, म्हणून आजही मशीनला ट्रॅप म्हणतात अन् थाळीला बर्ड. आपल्या देशात पिंजऱ्यातून जनावर सोडून नेमबाजीचा सामना भरवणं किंवा त्यात भाग घेणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे, अन् शिकारीवर १९७२ पासून वन्यजीव कायदा. आपला पिजन म्हणजे चुनखडी अन् पिचची (डांबरासारखं असते ते) थाळी, ११० मिलीमीटर रुंद, १०५ ग्रॅम वजन, बस.

कागद आधी, बंदूक मंग

कंटाळवाणं आहे पण इथंच लोकं फसतात, त्यामुळं जरा दमानं वाचा.

स्वतःच्या लायसन्सवर हत्यार कोणतं लिहिलं आहे ते पाहा. आपल्या गावाकडं गंज लायसन्स पीक संरक्षणाचे आहेत, रानडुक्कर अन् रोही हाकलायला, अन् त्यावर ठासणीची म्हणजे भरमार लिहिलेली असते. त्या लायसन्सवर बारा बोर ओव्हर-अंडर बसत नाही. एसबीबीएल लिहिलं असंल, म्हणजे एकनळी, तरीही नाही. डीबीबीएल, म्हणजे दोननळी, पाहिजे. अन् खरेदीची मुदत लिहिलेली असते, ती संपली असंल तर आधी वाढवून घ्या. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीपासून साध्या लायसन्सवर दोनच हत्यारं ठेवता येतात, पहिले तीन चालायचे. तुमच्या लायसन्सवर आधीच दोन असतील तर तिसरीचा विचार सोडा नाहीतर एक काढा. याच नियमामुळं तीन-तीनवाल्यांना एक काढावी लागली.

आता विकणारा. तो डीलर असंल तर काम सोपं, त्याचं रजिस्टर आहे, पावती आहे. तो तुमच्यासारखाच लायसन्सवाला असंल तर कायद्यानं त्यानं आधी जिल्हाधिकाऱ्याला किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं की मी ही बंदूक अमक्याला, या पत्त्यावर विकून राहिलो, अन् त्यानंतर ४५ दिवस जाऊ द्यायचे. ४५ दिवसांच्या आत बंदूक हातात घ्यायची नाही, कितीही घरोबा असंल तरी. त्या अर्जाच्या झेरॉक्सवर आवक शिक्का अन् तारीख पाहिजे. "मी साहेबांना तोंडी सांगतलं" हे चालत नाही.

सगळ्यात डेंजर केस म्हणजे बाप वारला अन् बंदूक घरातच आहे, पोरगा म्हणते घेऊन जा. लायसन्स त्या माणसाचं होतं, तो गेला की ती बंदूक ठाण्यात किंवा डीलरकडं जमा व्हायला पाहिजे, वारसाला स्वतःचं लायसन्स काढून ती घेता येते किंवा विकता येते. पण दोन वर्षं पेटीत पडून असंल तर ते विनापरवाना हत्यार झालं. तुम्ही पैसे देऊन ती घरी आणली की आता तुमच्या घरी विनापरवाना हत्यार. असल्या घरी जाऊन नळीला हातसुद्धा लावू नका, त्या पोराला चांगल्या शब्दात सांगा की भाऊ आधी ठाण्यात विचार.

मंग नंबर. ओव्हर-अंडरवर साधारण तीन जागी नंबर असतो, नळीवर, अॅक्शनवर (नळ्या जिच्यात बसतात ती मधली लोखंडी बॉडी) अन् पुढच्या लाकडाच्या लोखंडावर. तिन्ही जुळले पाहिजेत अन् विकणाऱ्याच्या लायसन्समधल्या नंबरशीही जुळले पाहिजेत, त्याचा युआयएन, म्हणजे लायसन्सवाल्याचा ओळख नंबर, पण पाहून घ्या. एका ठिकाणी मला नळीवर ७ अन् लायसन्सवर १ सापडला, बाबूनं लिहिताना चुकवलं असंल बहुतेक, पण ते दुरुस्त करून आणा म्हटलं अन् घरी आलो. एखाद्या नेमबाजानं सवलतीत आयात केलेली बंदूक असंल तर तिच्या विक्रीवर अटी असतात, ते कागद वेगळे मागा.

ट्रॅप की स्कीट, हे ठरवूनच निघा

हे थाळीच्या खेळाचे दोन प्रकार. ट्रॅपमध्ये थाळी तुमच्यापासून दूर पळते. तुम्ही उभे राहता त्याच्या १५ मीटर पुढं खड्ड्यात मशिनी असतात, थाळी ७६ मीटर फेकली जाते, म्हणजे तुम्ही मारेपर्यंत ती तीसेक मीटरवर गेलेली असते. त्यासाठी लांब नळी, ३० इंच, चोक (नळीच्या तोंडाचं अरुंदपण, त्यावर छर्रे किती पसरतात ते ठरते) टाइट, म्हणजे खालच्या नळीला थ्री-क्वार्टर अन् वरच्याला फुल, अन् दस्त्याचा गालाकडचा भाग उंच. स्कीटमध्ये थाळी आडवी जाते, वीसेक मीटरवर, दोन्हीकडून, तिथं २८ इंच अन् उघडे चोक. दोन्ही खेळायचं असंल अन् बजेट एकाच बंदुकीचं असंल तर चोक बदलता येणारी पाहा, नाहीतर क्वार्टर-हाफवाली, थोडंथोडं दोन्ही जमते.

आपल्याकडं ऐंशीच्या दशकात साध्या लायसन्सवाल्यांसाठी परदेशी बंदुकांची आयात बंद झाली, त्यामुळं जुन्या बाजारात जे फिरून राहिलं ते बहुतेक त्याच्या आधीचं. मला पाहायला मिळाल्या त्यात रशियन जास्त, इझेव्हस्कची बायकाल आयझेडएच-२७ अन् तुलाची टोझ-३४. बायकाल म्हणजे आपला जुना महिंद्रा ट्रॅक्टर समजा, लाकूड साधं, ट्रिगर जड, पण चोप सहन करते. माझं स्पष्ट मत, पहिली बंदूक असंल तर सुंदर थकलेल्या इटालियनपेक्षा घट्ट बायकाल बरी. बेरेटाची ६८० सिरीज भेटली तर चांगली, तिच्या नळ्या दोन बाजूच्या आखूड खुंट्यांवर फिरतात, ते खुंटे झिजले तर बदलता येतात. ब्राउनिंगची सुपरपोज्ड १९३१ पासूनची, जॉन ब्राउनिंगचं शेवटचं डिझाइन, तो १९२६ मध्ये गेल्यावर पोरानं पूर्ण केलं, तिला खालून आरपार जाडजूड पिन आहे म्हणून अॅक्शन जरा उंच दिसते. पेराझीची एमएक्स८ वगैरे भेटली तर मलाही फोन करा, पाहायला येतो.

वय काढायचं असंल तर इटालियन बंदुकीला सोपं आहे. नळीखाली चौकटीत छोटा तारखेचा कोड असतो, १९७४ पर्यंत रोमन आकडा, १९७४ ला ३० म्हणजे एक्स-एक्स-एक्स, अन् १९७५ पासून दोन अक्षरं, एए म्हणजे १९७५, एबी म्हणजे १९७६, असं पुढं. "पाच वर्षं जुनी आहे" म्हणणारा गप्प बसते.

पाहायला गेल्यावर

सोबत काय न्यायचं: दोन डमी काडतुसं म्हणजे स्नॅप कॅप, एक चांगला टॉर्च, जुनं सुती फडकं, मेणबत्ती, मोजपट्टी. चहा शेवटी घ्या. मालक समोर बसलेला पाहिजे, त्याच्या गैरहजेरीत त्याच्या पोराकडून घेऊन पाहू नका.

हातात आली की पहिलं काम, उघडा, दोन्ही चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती जागा, डोळ्यानं पाहा अन् बोट घालून पाहा. मालक म्हणंल खाली आहे, तरी पाहा. मी स्वतः एकदा खालच्या नळीत फुगलेलं जुनं कागदी काडतूस अडकलेलं पाहिलं, अन् घरचे शपथ घेऊन सांगत होते की खाली आहे.

आता ते पुढचं लाकूड. नवीन माणूस काय करते, बंदूक बंद करून हलवून पाहते, घट्ट वाटते, खुश होते. कारण पुढच्या लाकडाच्या आतली स्प्रिंग नळीला मागं दाबून धरते, त्यानं ढिलेपणा झाकला जातो. म्हणून पुढचं लाकूड काढा, नळ्या परत लावा, बंद करा, दस्ता मांडीत धरा अन् नळ्यांना डावी-उजवी, मंग वर-खाली हलवा. कान द्या. निरोगी बंदूक एका लोखंडाच्या तुकड्यासारखी लागते. थोडीशी टिकटिक आली तरी समजा खुंटे-पिन झिजले, अन् माझ्या तितरवालीसारखी डोळ्याला फट दिसत असंल तर सतरंजीवरून उठा. तशीच बंद ठेवून उजेडाकडं धरा, नळ्यांची मागची बाजू अन् अॅक्शनची भिंत यांच्या मधून उजेड येतो का पाहा. मेणबत्तीची काजळी नळीच्या मागच्या तोंडाला हलकी लावून बंद-उघड केलं की भिंतीवर कुठं टेकते ते छापून येते, पूर्ण गोल आला तर झकास, चंद्रकोर आली तर नाही.

वरचा लिव्हर पाहा. नवीन बंदुकीत बंद केल्यावर तो मधल्या रेषेच्या थोडा उजवीकडं थांबतो, वापरानं मधोमध येतो, मधोमध ओलांडून डावीकडं गेला म्हणजे लॉक खाऊन झालं.

नळ्या वेगळ्या करा अन् वाजवून पाहा. हे मला फार आवडते. नळ्यांच्या खालच्या हूकमध्ये बोट घालून लटकवा अन् दुसऱ्या हाताच्या नखानं किंवा लाकडी काडीनं टकटक करा. देवळातल्या छोट्या घंटीसारखा नाद उमटला अन् रेंगाळला तर दोन नळ्यांमधला अन् रिबचा (वरच्या नळीवरची लांब पट्टी) जोड पक्का. थप् असा मातीच्या मडक्यासारखा आवाज आला तर कुठंतरी झाळ सुटलं. काटोलकडं एका पाटलांच्या घरी ओसरीवर आम्ही असंच लटकवली होती, म्हातारे पाटील खाटेवर बसून पाहून राहिले. पहिला आवाज थप् आला. मी परत वाजवली, परत थप्. पाटील म्हणे, "काहून जी, बंदुकीत का पाहून राहिले, आवाज?" मी नळी त्यांच्या हाती दिली, त्यांनी स्वतः वाजवली, मंग रिबच्या कडेनं नख फिरवलं तर बारीक गंजाची लाल भुकटी नखाला लागली. पाटील जुना माणूस, लगेच म्हणे, "पावसाळ्यात कातडी म्यानात ठेवत होतो." तेच तर आहे. कातडं ओल धरते, अन् रिबच्या खाली गेलेलं पाणी बाहेरून दिसत नाही.

आतून पाहायला फडकं ओढून तेल पुसून घ्या, तेलात बारीक खड्डे लपतात. नळी उजेडाकडं धरून हळूहळू फिरवा. आतमध्ये उजेडाच्या गोल कड्या दिसतात, त्या सरळ असल्या पाहिजेत. एखादी कडी मोडलेली म्हणजे बाहेरून पोचा. पूर्ण गोलाकार काळी सावली म्हणजे फुगवटा, कधीतरी आत काही अडकलं असताना मारली आहे. पोचा निघतो, फुगवटा म्हणजे नळी गेली. बाहेरून बोटं फिरवूनही लागते. गंजाचे खड्डे चेंबरच्या पुढं अन् तोंडाजवळ जास्त असतात. आरशासारखी चकचकीत असंल तर खुश होऊ नका, खड्डे घासून काढले असू शकतात अन् भिंत पातळ झालेली असू शकते. भिंतीची जाडी गेजनं गनस्मिथच मोजतो, अर्ध्या मिलीमीटरच्या खाली कुठं आली तर घेऊ नका.

चेंबरची लांबी. नळीच्या खाली १२-७० किंवा पावणेतीन इंच लिहिलं असंल तर ७० मिलीमीटरची काडतुसं चालतात. जुन्या विलायती बंदुकांत ६५ ची चेंबर असते. गंमत अशी की ७० चं काडतूस त्यात आरामात बसते, कारण काडतुसाची लांबी मारून उघडल्यावरची लिहितात. मारलं की त्याचं तोंड पुढच्या अरुंद जागेत उघडते अन् दाब वाढतो. बसलं म्हणजे चालते, असं नाही.

स्क्रू पाहा बरं, कोणी पाहत नाही. खाचा सरळ असल्या तर ठीक. पेचकसानं खाल्लेल्या, कडा उचललेल्या खाचा दिसल्या म्हणजे कोणीतरी घरी बसून खोललं आहे, अन् आतलं काय केलं ते देवाला ठाऊक. नक्षीच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत अन् वरून काळाभोर रंग असंल तर घासून नवीन रंग चढवला आहे.

लाकडात अॅक्शनला टेकते तिथली जागा पाहा, तिथून मागं केसासारखी चीर जाते. आपल्याकडं मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री अन् जुलैत भिंतीला ओल, लाकूड आकसते-फुगते. तिथंच लाकूड काळं अन् मऊ असंल, नख रुतत असंल तर वर्षानुवर्षं तेल मुरलं आहे. मुठीजवळ जोड दिला असंल तर टॉर्च आडवा धरल्यावर रेष दिसते. एका वाड्यात तर बटप्लेट, म्हणजे दस्त्याच्या मागच्या टोकाची पट्टी, काढली अन् आतून उधईची माती पडली.

आता स्नॅप कॅप घाला. त्याशिवाय ट्रिगर ओढू नका, मालकालाही आवडत नाही अन् फायरिंग पिनलाही. आधी दोन्ही कॉक असताना दस्ता रबरावर किंवा चपलेवर टेकवून हलका ठोका द्या, घोडा पडला नाही पाहिजे. सेफ्टी लावून ट्रिगर दाबा, मंग सेफ्टी काढा, काढल्यावर आपोआप सुटली तर बंदूक धोकादायक आहे. एक ट्रिगरवाली असंल तर पहिला मारल्यावर दुसरा बहुतेक वेळा झटक्यानंच सेट होतो, म्हणून दुसरा ओढला जात नसंल तर लगेच खराब म्हणू नका, दस्त्याला तळव्यानं थाप द्या अन् मंग ओढा. इजेक्टर, म्हणजे मारलेलं काडतूस बाहेर टाकणारे, दोन्ही बाजूंनी सारखंच फेकतात का पाहा. फायरिंग पिनचा ठसा मधोमध पाहिजे.

शेतात जाऊन "एक मारून पाहू" अजिबात नको. टेस्ट फायरिंग रेंजवर, मालकाला सोबत घेऊन. आनंदात हवेत मारणं तर २०१९ पासून वेगळाच गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड.

अंगाला बसते का

बूट घेताना नंबर पाहता ना, तसंच. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, गाल टेकवा, मंग डोळा उघडा. रिबच्या वर मधोमध नळीच्या टोकाचा मणी दिसला पाहिजे. रिब दिसतच नाही, अॅक्शनची पाठच दिसते, म्हणजे दस्ता तुम्हाला नीचा. मणी बाजूला गेला तर दस्त्याचा वाक तुमच्या बाजूचा नाही, डावखुऱ्यासाठीची असू शकते. ट्रॅपच्या बंदुकीत रिब थोडी जास्त दिसली तर चालते, ती मुद्दाम वर मारते, कारण थाळी चढत असते. हिवाळ्यात स्वेटर घालून माप घेतलं अन् उन्हाळ्यात खेळलात तर लांबीत फरक पडतो, हे माझ्या लक्षात एक सीझन वाया गेल्यावर आलं.

रेंजवर गेलात तर पॅटर्न, म्हणजे छर्रे कसे पसरतात ते, पाहा. चुना लावलेला पत्रा किंवा मोठा कागद, ३६.५ मीटरवर, ७५ सेंटिमीटरचं वर्तुळ. फुल चोकमधून सत्तरेक टक्के छर्रे वर्तुळात पडतात, हाफमधून साठेक. टक्केवारीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे दोन्ही नळ्या एकाच जागी मारतात का. वरची डावीकडं अन् खालची उजवीकडं मारत असंल तर त्याला इलाज नाही.

सौदा अन् नंतर

गनस्मिथकडून खर्चाचा अंदाज घ्या अन् तेवढे कमी करा, इथं लाजू नका. ४५ दिवस झाले, बंदूक आली, की लायसन्सवर नोंद करून घ्या, ठाण्यात हजर करायला सांगतील तर करा. लायसन्सचं क्षेत्र महाराष्ट्रापुरतं असंल तर भोपाळला नेता येणार नाही, आधी वाढवून घ्या. नागपुराहून साडेतीनशे किलोमीटर आहे, बैतूलच्या नाक्यावर अडवल्यावर आठवून उपयोग नाही.

काडतुसांचा हिशोब खरेदीआधीच करा. ट्रॅपच्या एका राउंडला २५ थाळ्या, प्रत्येकीला दोन मारायची मुभा, म्हणजे ५० पर्यंत. लायसन्सवर वर्षाला समजा २०० लिहिले असतील तर चार-पाच राउंडमध्ये वर्ष संपलं. स्पर्धेत २४ ग्रॅमचं काडतूस चालते, अन् आपल्याकडं सहज भेटणारी खडकीच्या कारखान्याची शक्तिमान जरा जड लागते, खांदा बोलते. रायफल असोसिएशनचं सदस्यत्व घ्या, स्पर्धा खेळा, नेमबाज म्हणून कोटा वाढवता येतो.

ठेवताना कातडी म्यान नको, गोधडी नको. नळी, अॅक्शन, पुढचं लाकूड वेगवेगळं करून लोखंडी कपाटात कुलूप लावून, काडतुसं वेगळ्या कुलपात. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पुसा.

माझी तितरवाली अजून एका डीलरकडं जमा आहे, लायसन्सवर जागा अडवून. मागच्या महिन्यात अमरावतीकडचा एक पोरगा पाहून गेला, त्याला पाहताक्षणीच आवडली म्हणे, नक्षीचे फोटो काढून नेले. मी डीलरला फोन केला, म्हटलं पुढच्या वेळी आला की पुढचं लाकूड काढून द्या त्याच्या हातात, अन् मंग भाव सांगा.